दुसरा उपयोग आधी ठरवा : सीमाभागातील घरासाठी काटकसरीचा स्वयंपाक आणि शिवणकाम

घरखर्चाची ओढाताण सुरू झाली की बहुतेक घरांत पहिली कात्री ताटाला लागते. डाळ पातळ होते, भाजी एकाच वेळची होते, मुलांच्या दुधात पाणी वाढते, आणि एवढे करूनही वाचलेले पैसे कोठे गेले हे महिनाअखेरीस कोणालाच सांगता येत नाही. या प्रकारच्या बचतीला माझा ठाम विरोध आहे. कमी पैशांत घर नीट चालवायचे असेल, तर कोणतीही वस्तू वापरायला घेण्यापूर्वी तिचा दुसरा उपयोग ठरवून ठेवावा, हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. उरलेल्याचे काय करायचे हा प्रश्न रात्री भांडी आवरताना पडला, तर फार उशीर झालेला असतो. तोच प्रश्न हुलगे (कुळीथ) भिजत घालताना किंवा जुनी साडी पेटीतून काढताना विचारला, तर उत्तर सापडते आणि त्या उत्तराप्रमाणे पहिल्या वापराची पद्धतही बदलते.

पुढील माहिती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पश्चिमेकडे भात, पूर्वेकडे ज्वारी, आणि जवळपासच गूळ, भुईमुगाच्या शेंगा, हुलगे व मिरची, असे सर्व काही एका दिवसाच्या प्रवासाच्या आत पिकते. त्यामुळे दुरून येणाऱ्या महाग वस्तूंवाचून येथील स्वयंपाकघर उत्तम चालू शकते.

खरेदी

बेळगावातील उद्यमबागेच्या कारखान्यांत किंवा वडगाव, खासबाग, शहापूर भागातील विणकामाच्या मागांवर काम करणाऱ्या अनेक घरांत पगार आठवड्याला येतो, आणि म्हणून किराणाही पुड्यांमध्ये येतो. पुडीचा भाव लहान दिसतो. परंतु ५० ग्रॅमची पुडी १२ रुपयांना पडत असेल, तर त्या वस्तूचा किलोचा भाव २४० रुपये झाला, हे कागदावर मांडून पाहावे. चहापूड, तेल, जिरे, मोहरी आणि साबण या वस्तूंवर हा हिशेब एकदा केला, की कोणती वस्तू पुडीत घ्यायची आणि कोणती कधीच घ्यायची नाही हे आपोआप ठरते. एकट्या घराला एकदम पाच किलो शेंगदाणे घेणे जमत नसेल, तर गल्लीतील तीन-चार घरांनी मिळून बेळगावच्या रविवार पेठेतून ठोक भावाने माल आणावा आणि घरी तराजूवर वाटून घ्यावा. पैसे आधी गोळा करावेत आणि वाटणी सर्वांसमोर करावी, म्हणजे शेजार टिकतो.

तांदळाच्या बाबतीत तुकडा तांदळाला कमी लेखू नये. गिरणीत तांदूळ सडताना, म्हणजे त्याचा कोंडा काढताना, जी कणी निघते, ती अखंड तांदळापेक्षा स्वस्त मिळते, आणि बेळगाव बासमतीसारख्या सुवासिक वाणाची कणी असेल तर तिचा वास अखंड तांदळाइतकाच सुरेख असतो. भातासाठी ती थोडी चिकट होते, हे खरे. परंतु घावन, डोसे, खीर, पेज आणि आजारी माणसासाठी मऊ भात यांसाठी तीच अधिक चांगली. रेशनच्या तांदळाविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. त्या तांदळात कधी रंगाने व पोताने किंचित वेगळे दाणे आढळले, तर काही घरांत ते प्लॅस्टिकचे समजून निवडून टाकले जातात. ते दाणे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून तयार केलेले असतात आणि साधारण शंभर भाग तांदळाला एक भाग या प्रमाणात घातलेले असतात. ते काढू नयेत, तांदूळ वारंवार चोळून धुऊ नये, आणि भात पाणी वेळून न टाकता मोजक्या पाण्यात शिजवावा.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांतून येणारी रताळी एकादशी, नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या तोंडावर महाग होतात. तो आठवडा टाळून घेतली तर तीच रताळी परवडतात. ती धुऊन ठेवू नयेत आणि फ्रिजमध्येही ठेवू नयेत. माती झटकून, हवेशीर टोपलीत, अंधाऱ्या जागी ठेवली तर बरेच दिवस टिकतात. बटाट्यालाही अंधारच हवा, परंतु हिरवा पडलेला किंवा मोठे कोंब आलेला बटाटा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यातील विषारी द्रव्य शिजवूनही जात नाही.

वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, कुटण्याचा काळ उन्हाळ्याचा. ब्याडगी मिरची रंग देते आणि तिखटपणा बेताचा ठेवते; संकेश्वरी मिरची तिखट असते आणि तिला स्वतःचा वास असतो. संकेश्वरी महाग पडत असल्यास ती थोडीच घ्यावी, भर ब्याडगीची ठेवावी आणि तिखटपणासाठी एखादी स्वस्त तिखट मिरची मिसळावी. मिरच्यांची देठे घरी काढावीत, मिरच्या हाताने मोडल्या की कडकडीत आवाज येईपर्यंत वाळवाव्यात आणि मगच डंकावर (कांडपयंत्रावर) न्याव्यात. ओलसर मिरचीचे तिखट पावसाळ्यात हमखास बुरसते, आणि वर्षाची चटणी वाया जाण्याइतका मोठा फटका स्वयंपाकघराला दुसऱ्या कशानेही बसत नाही.

एका आचेवर दोन पदार्थ

हुलगे हे या भागातील सर्वांत कमी किमतीचे आणि सर्वांत अधिक देणारे कडधान्य आहे, असे माझे मत आहे. शंभर ग्रॅम हुलग्यांत २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. रात्री एक वाटी हुलगे निवडून, धुऊन भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून ओल्या कापडात बांधावेत आणि मोड दिसू लागले की कुकरमध्ये पाच वाट्या पाणी घालून मऊ शिजवावेत. एवढे पाणी मुद्दाम घालायचे असते, कारण त्याचाच दुसरा पदार्थ होणार असतो. शिजल्यावर पाणी गाळून वेगळे करावे. त्या पाण्यात चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, थोडा गूळ, तिखट आणि दोन चमचे शिजलेले हुलगे वाटून घालावेत, वरून मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी द्यावी आणि चांगली उकळी काढावी. हे सार दुपारी भातावर घ्यावे. उरलेल्या हुलग्यांना कांद्याची फोडणी देऊन, थोडे खोबरे आणि मीठ-तिखट घालून कोरडी उसळ करावी व ती भाकरीबरोबर खावी. पुरणाची डाळ शिजवताना कट काढून त्याची आमटी करण्याची आपली रीत याच विचारातून आली आहे. ती सणापुरती ठेवण्याचे काही कारण नाही. तूर, मूग, चवळी, मटकी यांपैकी काहीही शिजवताना थोडे पाणी जास्त घातले, की एक पातळ पदार्थ मिळतो.

इडलीच्या पिठाची मांडणी तीन दिवसांची करावी. तीन वाट्या तुकडा किंवा रेशनचा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या वेगवेगळे भिजवून वाटावेत. पहिल्या दिवशी पीठ फुगलेले असते, तेव्हा इडल्या कराव्यात; दुसऱ्या दिवशी थोडे पाणी घालून डोसे; तिसऱ्या दिवशी पीठ आंबट होते, तेव्हा त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि मूठभर तांदळाचे पीठ घालून अप्पे करावेत. हे वेळापत्रक फ्रिज असलेल्या घरासाठी आहे. फ्रिज नसल्यास दोनच दिवसांचे पीठ वाटावे आणि उन्हाळ्यात तर एकाच दिवसाचे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीमुळे पीठ रात्रीत फुगत नाही. त्यासाठी पुढे सांगितलेली उबेची पेटी कामी येते.

शिळ्या अन्नाविषयी येथेच स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. काटकसर करणाऱ्या घराने शिल्लक ठेवायची ती कोरड्या पदार्थांची ठेवावी. भात आणि डाळ यांची ठेवू नये. शिजलेला भात दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर राहिला, तर त्यात असे जंतू वाढतात की त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही, आणि जुलाब थांबवण्याच्या औषधाला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात आठवडाभराचा भात शिजतो. म्हणून फ्रिज नसलेल्या घरात भात मापून शिजवावा आणि रात्रीची गरज भागवण्यासाठी भाकऱ्या दोन जास्त थापाव्यात. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून, त्यावर ताकाचा हबका मारून, कांदा-लसणाच्या फोडणीवर परतली की न्याहरी होते. याहून टिकाऊ म्हणजे कडक भाकरी. पीठ उकळत्या पाण्यात मळून घ्यावे, भाकरी शक्य तितकी पातळ थापावी किंवा लाटावी, नेहमीप्रमाणे भाजल्यावर मंद आचेवर पुन्हा ठेवून कापडाने दाबत ओलावा पूर्ण जाईपर्यंत शेकावी आणि गार झाल्यावर घट्ट डब्यात भरावी. कोरड्या दिवसांत ती दोन-तीन आठवडे सहज टिकते. पावसाळ्यात सादळली तर तव्यावर क्षणभर ठेवावी. आठवड्यातून एकदा तवा तापवून वीस-पंचवीस भाकऱ्या करून ठेवल्या, तर गॅस वाचतो आणि कामावर जाणाऱ्या बाईची पहाटही थोडी सुखाची होते.

कडक भाकरीच्या जोडीला शेंगांची चटणी घरात असावीच. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून साले पाखडावीत. दहा-बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे, मीठ आणि ब्याडगीचे तिखट घालून ते खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटावेत. मिक्सर वापरायचाच असेल तर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर त्याचा लगदा होतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिने असल्यामुळे ही चटणी, कडक भाकरी, दही आणि एक कांदा हे पुरेसे जेवण ठरते.

संध्याकाळच्या भुकेसाठी बिस्किटांचे पुडे आणण्यापेक्षा चुरमुऱ्यांचा सुसला करावा. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यावेत, त्यावर डाळ्यांचे कूट भुरभुरावे, आणि मोहरी, मिरची, कांदा, टोमॅटो, हळद यांच्या फोडणीत दोन मिनिटे परतून वर लिंबू पिळावे. चुरमुरे जास्त भिजले तर पदार्थ बिघडतो. बाकी यात चुकण्यासारखे काही नाही.

भाजी घेताना पाला, देठ आणि साल यांसकट किंमत धरावी. मुळ्याचा आणि बिटाचा पाला झुणक्यासारखा बेसन लावून करता येतो, फ्लॉवरचे कोवळे दांडे आमटीत शिजतात, दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल तीळ व सुक्या खोबऱ्याबरोबर परतून कोरडी चटणी होते. परंतु दुधी आणि दोडका चिरताना प्रत्येक वेळी लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे, कारण तो कडूपणा विषारी असतो.

उबेची पेटी

इंधनाची सर्वांत मोठी बचत झाकणाने आणि भिजवण्याने होते. डाळ अर्धा-एक तास भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. याच्या पुढची पायरी म्हणजे उबेची पेटी. ती घरी कोणालाही करता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्यावा. त्याच्या तळाशी आणि चारही बाजूंनी किमान चार बोटे जाडीचा थर बसेल एवढ्या चिंध्या, जुन्या चादरी किंवा भाताचे वाळलेले पिंजर (पेंढा) दाबून भरावे आणि मध्ये नेहमीचे पातेले घट्ट बसेल एवढाच खळगा ठेवावा. त्याच मापाची चिंध्यांनी भरलेली जाड उशी वरून झाकण्यासाठी शिवावी. तांदूळ अर्धा तास भिजवून, दुप्पट पाण्यात, झाकण ठेवून पाच मिनिटे खळखळून उकळावा आणि आचेवरून काढताक्षणी पातेले कापडात गुंडाळून पेटीत ठेवावे. पाऊण तासात भात तयार होतो, करपत नाही आणि लक्षही द्यावे लागत नाही. भिजवलेली तूरडाळ दहा-पंधरा मिनिटे उकळून ठेवली तर दीड ते दोन तासांत मऊ होते. पातेले पाऊणाहून अधिक भरलेले असले पाहिजे, कारण थोडे अन्न लवकर निवते. पेटीतून काढल्यावर वाफ निघत असली पाहिजे. डाळीला फोडणी देताना पुन्हा उकळी आणावी आणि दोन-तीन तासांपेक्षा जास्त काळ अन्न पेटीत ठेवू नये. राजमा यात शिजवू नये. तो भिजवून कुकरमध्येच शिजवावा.

पावसाळ्यापूर्वीची साठवण

पहिल्या पावसाच्या आत डाळी आणि धान्य दोन कडक उन्हे दाखवून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावे. गरम धान्य भरले तर झाकणाच्या आत पाणी धरते. एक किलो डाळीला एक लहान चमचा खाण्याचे एरंडेल चोळले की भुंगा लागत नाही; तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा. काही घरांत तांदळाला बोरिक पावडर लावतात, ती पद्धत मला धोकादायक वाटते, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात.

खानापूरची माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात दोन बिनझिलईची मातीची भांडी, एकात एक बसणारी, घेऊन मधल्या जागेत वाळू भरावी, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी आणि तोंडावर ओले जाड कापड घालावे. पाणी बाहेरच्या भांड्यातून पाझरून उडून जाताना आतील उष्णता घेऊन जाते, त्यामुळे पालेभाजी, मिरच्या आणि टोमॅटो दोन-चार दिवस ताजे राहतात. हवा कोरडी असतानाच हे साधते. जून ते सप्टेंबरमध्ये हवेत इतका ओलावा असतो की पाणी उडतच नाही, आणि तेव्हा ही सोय बंद ठेवावी. शिजलेले अन्न किंवा दूध टिकवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

जुन्या साड्यांची वाकळ

कापडाच्या बाबतीत वाकळ, गोधडी किंवा कौदी म्हणून जी वस्तू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिवली जाते, तिच्यापेक्षा चांगले काम मला माहीत नाही. एका माणसाच्या वाकळीला एक जुनी सुती नऊवारी आणि एक सुती सहावारी पुरते. नऊवारी साधारण ८.२ मीटर लांब असते. तिच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून थोडा लांब आणि साडीच्या पन्ह्याइतका, म्हणजे सुमारे ११० सेंटिमीटर रुंद, चार पदरी थर मिळतो. सहावारी ५.५ मीटरांची असते. तिच्यातून २.१ मीटरांचे दोन तुकडे वरच्या आणि खालच्या बाजूसाठी कापावेत. उरलेल्या १.३ मीटरातून काठाच्या पट्ट्या आणि ठिगळे काढावीत. अशी सहा पदरी वाकळ बेळगावच्या थंडीला बहुतेक दिवस पुरते.

साडी सुती आहे की नाही याची शंका असल्यास काठाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. कृत्रिम साड्या अंथरुणात घालू नयेत, कारण त्या सरकतात आणि घाम टिपत नाहीत. त्यांच्या लांब पट्ट्या फाडून, तीन-तीनची वेणी घालून, गोल गुंडाळत शिवल्यास पायपुसणी होतात.

कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून, फॉल आणि जर उसवून काढावी. स्वच्छ फरशीवर खालचा तुकडा उलटा पसरावा, त्यावर नऊवारीचे पदर आणि वरती दुसरा तुकडा ठेवावा, आणि प्रत्येक थर टाकल्यावर तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात. मग मधूनच सुरुवात करून वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. ही पायरी कंटाळवाणी आहे, परंतु ती टाळली की शेवटी मध्यभागी कापडाचा फुगा राहतो आणि तो कशानेही जात नाही. कडा आत दुमडून पट्टी लावावी आणि चारही कडांनी धावदोरा घालत, दोन बोटांचे अंतर ठेवून, आतआत यावे. टाका लहान असावा, अर्धा ते एक सेंटिमीटर, आणि सुई सर्व पदरांतून खाली उतरली की नाही हे मधूनमधून वाकळ उलटून पाहावे. दोघी समोरासमोर बसल्या तर काम लवकर होते आणि ताणही सारखा राहतो. जेथे कापड विरले असेल तेथे आधीच ठिगळ लावावे. चौकोनी ठिगळाचे कोपरे दुमडून फुलासारखा आकार दिला तर ते शोभते.

या मापात दोन बोटांच्या अंतराने शिवणीची एकूण लांबी सुमारे ६० मीटर होते, म्हणजे दुहेरी दोरा आणि गाठींसाठीचे नुकसान धरून १३० ते १४० मीटर सुती दोरा लागतो. हा आकडा पाठ ठेवावा, विशेषतः शेजारणींच्या वाकळी मजुरीने शिवून देणार असाल तर. मजुरी नगावर ठरवू नये. एक मीटर शिवायला स्वतःला किती मिनिटे लागतात हे घड्याळ लावून पाहावे, त्याला साठने गुणावे, कच्चे टाके आणि काठपट्टीचा वेळ वेगळा धरावा, आणि गावातील बायकांच्या दिवसमजुरीशी तो ताडून भाव सांगावा. दोऱ्याचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि कापड धुऊन देण्याची जबाबदारी देणारीवर ठेवावी.